रात्रपाळीच्या सिस्टरांसाठी गळ्यात घालायचे पॅनिक अलार्म घ्यायचे आहेत. कोणते घ्यावेत?

तुमचं हॉस्पिटल 50 खाटांचं, आणि तुम्ही कंपनी विचारताय. कंपनीचं नंतर बघू. आधी हे सांगा, बटण दाबलं तर दुसऱ्या दिवशी सिस्टरकडून लेखी खुलासा मागणार का? मागणार असाल तर पैसे वाचवा.

मी बावीस वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली नऊ कॅज्युअल्टीत. मार्च 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण झाली, राज्यभर डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, तेव्हा आमच्या ट्रस्टला जाग आली. बारा अलार्म आले. काडेपेटीएवढा डबा, मधोमध लाल बटण, गळ्यात निळी दोरी. दाबलं की रिसेप्शनवरच्या पाटीवर नंबर लागायचा. फक्त नंबर, जागा नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री दीडच्या सुमारास अपघाताची केस आली. मुलगा आणतानाच गेलेला होता. सोबत पंचवीस-तीस माणसं. डॉक्टर वर आयसीयूत. एकाने विचारलं, "सलाईन का लावत नाही?" मी उत्तर देईपर्यंत दुसऱ्याने ट्रॉली आडवी केली आणि माझी दोरीच धरली. ती ताणली तर तुटणारी नव्हती. मान पुढे ओढली गेली तशातच मी बटण दाबलं.

पाटीवर 7 लागला. कोणता नंबर कुठला, हा कागद ड्रॉवरमध्ये होता आणि जुना होता. त्यात 7 म्हणजे डायलिसिस. वॉचमन पहिल्या मजल्यावर धावला, तिथे कुलूप. आम्हाला वाचवलं आमच्या मावशींनी. त्यांनी ऑक्सिजन सिलिंडरची चावी उचलली आणि सिलिंडरवर ठाण ठाण बडवत सुटल्या. त्या आवाजाने मेडिकलवाला आला, अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर आले, जमाव मागे सरला. हे सगळं चाललं त्या भिंतीवर डॉक्टर-नर्सवरचे हल्ले रोखणाऱ्या 2010 च्या राज्याच्या कायद्याचा फलक होता, 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड. तो वाचायला कुणी थांबलं नाही.

दोन दिवसांनी मला मेमो. "कोणतीही इजा अथवा नुकसान झालेले नसताना अलार्म वापरल्याबद्दल खुलासा सादर करावा." म्हणजे माझं डोकं फुटलं असतं तर दाबणं योग्य ठरलं असतं! मी एका ओळीत लिहून दिलं की भीती वाटली म्हणून दाबलं. त्यानंतर दीड वर्षात एकाही सिस्टरने बटण दाबलं नाही, आणि प्रशासक मीटिंगमध्ये सांगायचे, बघा, अलार्म लावल्यापासून प्रकार बंद झाले.

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यात रात्रपाळीच्या डॉक्टर मुलीवर हॉस्पिटलातच बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर केंद्राने आपल्या रुग्णालयांना कळवलं की हल्ला झाला तर 6 तासांत संस्थेच्या वतीने एफआयआर व्हायला हवा आणि जबाबदारी संस्थाप्रमुखाची. तो आदेश आमच्यासारख्या ट्रस्टला नव्हता. तरी वाचल्यावर पहिले आमचे प्रशासकच आठवले. खुलासा कुणी कुणाला द्यायचा असतो, ते त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं.

असो. घ्यायचेच असतील तर गळ्यात नको, कमरेला किंवा मनगटावर. गळ्यातच हवे असतील तर झटका बसला की सुटणारी दोरी. नंबरासोबत जागा दाखवणारा घ्या, थोडा महाग पडला तरी. एक्स-रे रूममध्ये स्वतः उभं राहून दाबून बघा, शिशाच्या भिंतीतून सिग्नल बाहेर येतोच असं नाही. गुपचूप वाजणारा की मोठ्याने, यावर भांडणं होतात. मी मोठ्याने वाजणाऱ्याच्या बाजूने, कारण मावशी. आणि धावून कोण येणार त्या दोन माणसांची नावं रोजच्या ड्युटी चार्टवर हवीत.

अर्थात माझा अनुभव एकाच हॉस्पिटलचा आणि तो अलार्मही स्वस्तातला. मनोरुग्ण विभाग असेल तर मोठ्या आवाजाने पेशंट जास्त बिथरू शकतो, तिथे तिथल्या सिस्टरांनाच विचारा.

कंपनी कोणतीही घ्या, सेल गावात मिळणारा असला पाहिजे. आणि चाचणी रात्री दोनला घ्या, दुपारी साहेबांसमोर नको.