कोहो गळाला लागल्यावर

नागपूर

प्रिय मित्रा,

आग्नेय अलास्कात कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीतून, सॅमन धरायचा तुझा बेत वाचला. तुझे सगळे प्रश्न गळ आणि स्पूनबद्दल (माशाला भुलवणारा चमच्यासारखा धातूचा तुकडा) आहेत. मला काळजी आहे ती मासा लागल्यानंतरच्या दहा मिनिटांची, म्हणून उत्तरही तिकडेच झुकलंय.

सामान आधी. ऑगस्टात तिथे कोहो जातीचा सॅमन असतो, साधारण साडेतीन ते साडेपाच किलोचा आणि अंगात भरपूर जोर. सात फुटी स्पिनिंग रॉड, पंधरा पौंडी दोरा आणि 14 ते 25 ग्रॅमचे स्पून पुरतात. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटताना त्याला धरणारा ब्रेक, दोन किलोच्या आसपास ठेव. रीलमधून निघालेल्या दोऱ्याला थेट दोन लिटरची भरलेली बाटली टांग. ती हळूहळू खाली सरकली पाहिजे. जागची हलली नाही तर ड्रॅग फार घट्ट आहे, आणि त्या ओढीने दोरा तुटेल किंवा कयाक कलेल. फेकण्याचा सराव मैदानात कर, पण पाय पसरून जमिनीवर बसून आणि गळाऐवजी तेवढंच वजन बांधून. उभ्याने शिकलेला हात कयाकमध्ये कामाला येत नाही.

ओढा समुद्राला मिळतो तिथे, पाणी चढत असताना मासे गोळा होतात, उड्या मारताना दिसतात. थव्याच्या पुढे फेक, स्पून थोडा बुडू दे, मग सावकाश गुंडाळ. आपल्या खिंडसी तलावाला भरती-ओहोटी नाही; तिकडे मोठ्या भरतीला पाणी पाच मीटरहून जास्त चढतं. ओहोटी लागली की मुखाजवळचा उथळ भाग उघडा पडतो आणि कयाक चिखलात अडकते. वेळापत्रक खिशात ठेव.

आता मासा लागला. सुकाणू लगेच वर घे, नाहीतर दोरा त्यात गुंततो. रॉडचं टोक कयाकच्या नाकाच्या दिशेने ठेव; मासा कयाक ओढत नेईल, नेऊ दे. बाजूने ओढ बसली की तोल जातो. दोरा मनगटाला किंवा कयाकला कधीच गुंडाळायचा नाही, आणि सुरी जॅकेटवर, एका हाताने निघेल अशी. मासा कुशीवर पडेपर्यंत जवळ आणू नकोस. जाळं पाण्यात धरून त्याला डोक्याकडून आत घे, जाळ्यातच डोळ्यांच्या वर दांडक्याचा एक जोरदार फटका दे, कल्ले काप, रक्त पाण्यात जाऊ दे. जिवंत मासा मांडीवर घेतलास तर सुटा गळ ड्रायसूटमध्ये (पाणी आत न येऊ देणारा पोशाख) किंवा हातात रुततो. गळाच्या टोकाचे उलटे काटे पक्कडीने आधीच दाबून टाक.

नागपूरच्या उन्हात वाढलेल्या शरीराला तिथलं थंड पाणी अनोळखी आहे. पडल्यावर पहिलं मिनिटभर धाप लागते, श्वास ताब्यात राहत नाही. लाइफ जॅकेट तेव्हाच जीव वाचवतं. उलटलेल्या कयाकवर परत चढणं खिंडसीत, जाणत्या माणसासोबत, हात सरावेपर्यंत कर.

एक मासा झाला की थांब. चार किलोच्या कोहोतून दोन-अडीच किलो मांस निघतं, तुमच्या सहा जणांना पोटभर. उरलेलं अस्वलरोधक डब्यात मावत नाही, आणि उघड्यावर ठेवलं की अस्वल तंबूपर्यंत येतं. साफसफाई भरतीरेषेच्या खाली, आतडी वाहत्या पाण्यात. स्वयंपाक तंबूपासून शंभर मीटर दूर, माशाचा वास लागलेले कपडे तंबूबाहेर. मासा गळाला असताना अस्वल येताना दिसलं तर दोरा काप. माणसाच्या गळाला मासा मिळतो हे त्याला एकदा कळलं की पुढच्या प्रत्येक माणसाला धोका. सावजी मसाला घरीच राहू दे. मीठ, हळद आणि माशाची स्वतःची चरबी पुरते. कच्चा मात्र खाऊ नका, रानटी सॅमनमध्ये जंत असतात. आतपर्यंत 63 अंश तापला आणि पाकळ्या सुटल्या की उतरवा.

सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या बाहेरच्या माणसाला अलास्काचा मासेमारी परवाना लागतो, किंग सॅमनसाठी वेगळा स्टॅम्प. किती मासे ठेवता येतात ते भागागणिक ठरतं आणि हंगामात मध्येच बदलतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघ.

बाटलीचा प्रयोग करून रीलचं काय झालं ते कळव.

तुझा,
दादा