‘तुझी वही’ म्हणताना बघायचं कुणाकडे?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी कन्नड, मुलगा मराठी शाळेत दुसरीत. तो बाकावरच्या मित्राला ‘तुझी वही’ म्हणायला तयार नाही. ‘तो मुलगा आहे ना, मग तुझा वही!’ असं त्याचं म्हणणं. त्याला कसं समजवायचं?

ताई, मुलाचा तर्क चुकीचा नाही, फक्त तो मराठीचा नाही; मराठीत वस्तूचं लिंग बघतात. अरबीत शिकला असता तर शाबासकी मिळाली असती. तिथे ‘तुझं पुस्तक’ पुरुषाला सांगताना ‘किताबुका’ आणि बाईला सांगताना ‘किताबुकि’ होतं, म्हणजे ऐकणाऱ्याचं लिंग बघतात. तुमच्या कन्नडला दोन्हींशी कर्तव्य नाही: ‘निन्न पुस्तक’, ‘निन्न मने’, सगळीकडे ‘निन्न’च. शिवाय कन्नडमध्ये स्त्रीलिंग-पुल्लिंग माणसांना. वही स्त्रीलिंगी असते हेच त्याला नवीन आहे. त्याची खरी अडचण इथे आहे.

मराठीत ‘तुझी’ या शब्दाला दोन तोंडं आहेत, आणि मला ही फार सुंदर गोष्ट वाटते. मंडईत भाजीवाल्या मावशी मला म्हणतात, ‘ताई, तुमची पिशवी राहिली.’ माझ्या भाचीला म्हणतात, ‘बाळा, तुझी पिशवी घे.’ माणूस बदलला तसं पुढच्या ‘तुमच’चं ‘तुझ’ झालं; पिशवी तीच, म्हणून शेवटची ‘ई’ जागची हलली नाही. शब्दाचं डोकं माणसाकडे बघतं, शेपूट वस्तूकडे.

हे शेपूट मागाहून आलेलं. संस्कृतात ‘तव पुस्तकम्’, ‘तव माला’, बदल नाही. प्राकृतातल्या ‘तुज्झ’चंही तसंच. मराठीने त्याला विशेषणासारखे प्रत्यय लावले. गुजरातीतही ‘तारो, तारी, तारुं’ अशी तीन रूपं आहेत. हिंदीत ‘तेरा, तेरी’, कारण नपुंसकलिंगच उरलं नाही. बंगालीत ‘तोमार’ कुणासाठीच बदलत नाही.

मुलाला नियम सांगू नका. ‘तो डबा, तुझा डबा, ती वही, तुझी वही, ते दप्तर, तुझं दप्तर’ असं जोडीनं म्हणून घ्या. अनेकवचन सध्या राहू द्या, कारण ‘तुझी पुस्तकं’ आली की तो पुन्हा भांडेल. आणि धीर हवा असेल तर त्याला विचारा, खाऊ कुठे ठेवलास? तुझ्या डब्यात, तुझ्या वहीत की तुझ्या दप्तरात? विभक्ती लागली की तिन्ही लिंगांना एकच ‘तुझ्या’, तिथे तो चुकणारच नाही.