इंजिनवर तेल-धुळीचा जाड चिकटा बसलाय. गॅरेजमध्ये डिझेल मारून घ्यावं की घरीच धुवावं?

तुमची गाडी पेट्रोलवरची, दहा वर्षं जुनी आहे आणि गॅरेजवाला 'डिझेल मारून चकाचक करून देतो' म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. डिझेल मारू देऊ नका. फवारा मारल्यावर प्लास्टिक आणि रबर काळंभोर चमकतं, म्हणून ते आवडतं, पण मागे ओशटपणा राहतोच. त्यावर रस्त्याची धूळ पुन्हा बसते. रबरी होज आणि सील डिझेलने फुगतात, मऊ पडतात. सांदीकोपऱ्यात राहिलेलं डिझेल तापलेल्या एक्झॉस्टजवळ (धूर बाहेर नेणाऱ्या पाइपजवळ) असणं धोक्याचंच. रॉकेलही नको, आणि पेट्रोल तर अजिबातच नको, त्याची वाफ एका ठिणगीने पेटते.

माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे. नुसती धूळ फडक्याने निघून जाते. जाड चिकटा झालाय म्हणजे तेल कुठून तरी बाहेर येतंय. म्हणून काहीही पुसायच्या आधी टॉर्च घेऊन नीट बघा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मळ सगळ्यात ओला कुठे आहे आणि त्याची सुरुवात किती वरून होते, ते महत्त्वाचं. तेल खाली ओघळतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे उगम बहुतेक वेळा डागाच्या वरच्या टोकाला सापडतो. जुन्या इंजिनात टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) कडक होऊन झिरपणं नेहमीचं आहे. कधी कधी तर ऑइल भरताना सांडलेलंच असतं, मग काळजीचं कारण नाही.

आता सफाई. ती घरी होते, फक्त प्रेशर वॉशर वापरू नका. पावसात चाकांकडून उडणारं पाणी इंजिन रोज सोसतं, पण दाबाचं पाणी वायरी जोडणाऱ्या कपलरच्या सीलमधून आत शिरतं आणि मग गाडी झटके देते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गाडी सावलीत लावा, चावी काढून खिशात ठेवा. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी बंद असतानाही फिरू लागतो, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली बरी. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना चालतो. घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जाईल, ते नंतर लावून घ्या.

अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), एअर फिल्टरचं तोंड आणि इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) यांवर प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बांधा. डिपस्टिक आणि ऑइलचं झाकण पक्कं बसलंय का, तेही पाहा. सीएनजी किट असेल तर रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि इंजेक्टरच्या आसपास फक्त ओलसर फडका फिरवा. नारिंगी रंगाच्या जाड केबल असलेल्या हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीला यातलं काहीच करू नका, ते काम कंपनीच्या माणसांचं.

आधी सुकी पानं आणि माती काढा. काचेखालच्या जाळीत अडकलेली पानं तर नक्की काढा, ती पाणी वाहून जायची वाट बुजवतात. उंदरांनी आणलेला कापूस-कागद दिसला तर जवळच्या वायरी कुरतडल्यात का ते तपासा.

मग पाण्यात मिसळणारं डिग्रीझर (तेलकट मळ सोडवणारं द्रव), बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात. हलक्या मळाला कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबणही पुरतो. कॉस्टिक सोडा किंवा संडास साफ करायचं ॲसिड नको, ॲल्युमिनियम खराब होतं. डिग्रीझर थेट इंजिनवर फवारण्यापेक्षा ब्रशवर किंवा फडक्यावर घ्या आणि थोडा थोडा भाग करत जा. तीन-चार मिनिटं मुरू द्या, पण वाळू देऊ नका. बेल्टला लागू देऊ नका. चिकटा एका फेरीत निघाला नाही तर दुसरी फेरी करा, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका. धुवायला स्प्रेची बाटली किंवा ओला फडका पुरेसा आहे. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर दोन्ही वायरी काढून खायच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश मारा, हातमोजे घालून. बॅटरीला वर झाकणं असतील तर त्यांतून हे सोड्याचं पाणी आत जाऊ देऊ नका. परत जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

फडक्याने टिपून बॉनेट उघडं ठेवा. सगळं सुकल्यावरच पिशव्या काढा, वायर जोडा आणि गाडी मोकळ्या जागेत दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. बंद पार्किंगमध्ये नको, धूर जीवघेणा असतो. इंजिन अडखळलं किंवा चेक इंजिनचा दिवा लागला तर बहुधा कॉइलखाली प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलंय. इंजिन थंड झाल्यावर कॉइल काढून हवेने ते सुकवून घ्यावं लागेल.

धुतलेलं तेलकट पाणी गटारात किंवा विहिरीजवळ सोडू नका. सफाईच्या आधीच गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं आणि भुसा पसरा, तो तेल शोषतो.

चार-आठ दिवस गाडी चालवा आणि पुन्हा टॉर्च घेऊन तुमचे फोटो शेजारी धरून बघा. स्वच्छ धातूवर नवी ओली रेघ लगेच दिसते. रात्री गाडीखाली पुठ्ठाही टाका. काळपट-तपकिरी थेंब इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी बहुधा कूलंटचा, आणि एसी वापरल्यावर पडणारं साधं पाणी ठीक आहे. गळती एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (एक्झॉस्टचा इंजिनला जोडलेला तापणारा भाग) पडत असेल, जळक्या तेलाचा वास येत असेल, तर गॅस्केटचं काम पुढच्या सर्व्हिसिंगवर ढकलू नका. त्याच आठवड्यात करून घ्या.