सोनेरी महाल पहिल्यांदा बघताना
पहिल्यांदाच जाताय ना? मग सकाळीच जा, मराठवाड्याचं ऊन कुणाची गय करत नाही. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या परिसरात, डोंगराच्या पायथ्याला हा महाल आहे. 17व्या शतकात बुंदेल्यांच्या, म्हणजे बुंदेलखंडातल्या राजपुतांच्या, पहाडसिंग या सरदारानं बांधलेला. नाव ऐकून सोनं शोधू नका. भिंतींवरच्या चित्रांत सोन्याचं पाणी होतं, म्हणून सोनेरी. आता खुणाच उरल्यात. मोबाईल खिशात ठेवून एका भिंतीपाशी पाच मिनिटं नुसतं उभं राहा, डोळा सरावला की फिकी वेलबुट्टी हळूहळू वर येते. आत संग्रहालय आहे, मूर्ती आणि जुनी खापरं. पहिल्या खेपेला मी खापरांवरून भराभर पुढं सरकलो, अजून हळहळतो. बाग शेवटी. पाण्याची बाटली घरूनच घ्या.