सुई हलली तेव्हा कोण बघत होतं?

प्रिय बेटा,

विजेच्या इतिहासाचा तुझा तक्ता पाहिला. तारखा बरोबर आहेत. पण अर्स्टेड या शास्त्रज्ञाचा 1820 चा शोध आणि फॅरेडेचा 1831 चा शोध यांच्यामध्ये तू नुसता एक बाण काढलास, आणि माझा जीव त्या बाणातच अडकलाय.

तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसुई वळते, हे अर्स्टेडनं दाखवलं. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला फॅरेडे 1822 पासून याच्या मागे होता. 1825 मध्ये करून पाहिलं, काहीच घडलं नाही. तेही त्यानं वहीत लिहून ठेवलं.

त्याच वर्षी जिनिव्हात कोलाडोन नावाच्या शास्त्रज्ञानं तारेच्या वेटोळ्यात चुंबक सरकवला. वेटोळ्याला तारांनी जोडलेली सुई चुंबकानं थेट ओढली जाऊ नये म्हणून दुसऱ्या खोलीत ठेवली होती. चुंबक आत घातला, चालत तिथे गेला, तर सुई स्थिर! वीज आली होती रे, पण चुंबक हलत होता तेवढ्यापुरतीच. तो पोहोचेपर्यंत सुई जागेवर परतली होती. सुईपाशी एखादा मदतनीस बसलेला असता तर? मला आजही हळहळ वाटते.

29 ऑगस्ट 1831 ला फॅरेडेनं लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारा गुंडाळल्या. एका तारेला बॅटरी जोडली तशी दुसरीकडची सुई हलली आणि थांबली. बॅटरी काढली, पुन्हा हलली. तो क्षणाचा झटका त्यानं सोडून दिला नाही.

छिंदवाडा रोडनं जाताना कोराडीच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसतात ना? तिथे कोळशानं पाण्याची वाफ होते, वाफेनं टर्बाइन फिरतं आणि तारांच्या वेटोळ्यांमध्ये चुंबक मिनिटाला 3000 फेरे घेतो. मे महिन्यात आपले कूलर चालतात ते या न थांबणाऱ्या फिरण्यावर.

आता तू करून बघ. मोटर वाइंडिंगवाल्याकडून तांब्याची बारीक तार आण. दोनेकशे वेढ्यांचं एक वेटोळं कर, दुसरं होकायंत्राभोवती गुंडाळ, आणि दोन्ही लांब तारांनी जोड. टोकांवरचं वार्निश पॉलिश पेपरनं नीट घासून काढ, नाहीतर वीज पुढे जाणारच नाही. घरातल्या सॉकेटला मात्र हात लावायचा नाही.

पहिल्या वेटोळ्यात जोरदार चुंबक झटकन आत-बाहेर कर. होकायंत्राजवळ धाकट्या भावाला बसव आणि त्याला सांग, पापणी लववू नकोस. रविवारी येशील तेव्हा वही आण; सुई हलली नाही तरी आण.

तुझा,
काका