हसऱ्या मित्राची शोकसभा

प्रश्न: आयर्विन पुलावर रोज गप्पा रंगवणारा आमचा मित्र स्मृतिभ्रंशाने गेला. शोकसभेत फक्त आजारपणच आठवलं जाईल, अशी भीती वाटते. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: बोलणारे चारच ठेवा, प्रत्येकी पाच मिनिटं. शाळा, नोकरी, संसार असा एकेक काळ आधीच वाटून द्या. नाहीतर सगळे शेवटच्या वर्षांवरच येतात, कारण तेच ताजं असतं. 'फार विनोदी होता' एवढंच म्हटल्याने तो कुणाच्या डोळ्यांसमोर उभा राहत नाही. त्याचा विनोद त्याच्याच शब्दांत सांगा. आजार मात्र लपवू नका. त्यात बहुधा अलीकडचं आधी पुसलं जातं, जुनं बराच काळ टिकतं. नावं विसरूनही जुन्या गाण्यावर ताल धरत असेल, तर ते जरूर सांगा. गोंधळलेपणाचे किस्से हशासाठी नकोतच. रात्रंदिवस सांभाळणाऱ्या वहिनींना ते बोचतात. काय सांगायचं, हे त्यांना आधी विचारा.