तारखांचा गुंता सोडवताना

मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या समन्वयाचं काम मी पुण्यात 22 वर्षं केलं. डिस्चार्ज घेताना 'सुटलो एकदाचे' म्हणणारी माणसं महिनाभरात फोन करून विचारायची, 'मॅडम, एवढ्या तारखा कशा सांभाळायच्या?' या वेळी आलेली बहुतेक पत्रं हेच विचारतात.

प्रश्न : मिस्टरांचं प्रत्यारोपण होऊन 14 महिने झाले. नंतर शुगर निघाली. आता किडनीचे डॉक्टर, शुगरचे, डोळ्यांचे, त्वचेचे आणि दातांचे, असे पाच डॉक्टर. दर पंधरा दिवसांनी पहाटेची एसटी धरून पुण्याला यायचं, त्या दिवशीची मजुरी बुडते ती वेगळीच. यातली कोणती तारीख सोडली तर चालेल? – एक वाचक, बार्शी

ताई, सोडायची कुठलीच नाही, पण फेऱ्या निम्म्यावर नक्की येतील.

आधी एक हिशेब बघा. किडनीच्या डॉक्टरांकडे पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा जावं लागतं, मग आठवड्याने, पंधरवड्याने, पुढे महिन्याने. वर्ष उलटलं आणि सगळं स्थिर असलं, की बहुतेक ठिकाणी दोन-तीन महिन्यांनी बोलावतात. म्हणजे तुमच्या फेऱ्या किडनीमुळे वाढलेल्या नाहीत. प्रत्येक डॉक्टर आपल्या सोयीची तारीख देतो आणि त्या तारखा एकमेकींना कधी भेटतच नाहीत, म्हणून त्या वाढल्या आहेत.

एक कोरा कागद घ्या. डॉक्टर कोण, कशासाठी, किती दिवसांनी आणि आधी कुठली तपासणी लागते, एवढं त्यावर लिहा. मग तो किडनीच्या डॉक्टरांसमोर ठेवून विचारा, 'यातलं पुण्यातच काय व्हायला हवं, बार्शीत काय होईल आणि फोनवर काय भागेल?' हा प्रश्न तोंडी विचारलात तर ओपीडीच्या गर्दीत हरवतो. कागद समोर असला की डॉक्टर थांबून बघतात, हा माझा अनुभव आहे.

साधारण उत्तर असं येईल. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तातला हा आकडा वाढतो), हिमोग्राम, शुगर, लघवी या तपासण्या गावातल्या चांगल्या लॅबमध्ये होतात. त्या तारखेच्या चार-पाच दिवस आधी करून घ्या, म्हणजे रिपोर्ट हातात घेऊनच निघाल आणि 'रिपोर्ट संध्याकाळी मिळेल, उद्या या' हे ऐकावं लागणार नाही. टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधाची, रक्तातली पातळी मात्र दर वेळी एकाच लॅबची असू द्या. लॅबची पद्धत बदलली की आकडाही थोडा बदलतो आणि मग डोस उगाच वरखाली होतो. पुण्यातल्या लॅबचं संकलन केंद्र बार्शीत आहे का, हे एकदा विचारून ठेवा. शुगरच्या नोंदी वहीत लिहून डॉक्टरांना फोनवर दाखवता येतात. फोनवरून सल्ला देण्याचे रीतसर नियम मार्च 2020 पासून आहेत, त्यामुळे असं विचारताना संकोच नको. डोळ्यांचा पडदा आणि त्वचा सहसा वर्षातून एकदा तपासावी लागते, ती किडनीच्याच तारखेला जोडून घ्या. दात बार्शीतच दाखवा. फक्त दाताच्या डॉक्टरांनी लिहिलेलं औषध घेण्याआधी पुण्याला फोन करा.

आणि कुठल्या डॉक्टरांची ओपीडी कोणत्या वारी असते, हे समन्वयकांना विचारा. 'दोघं एकाच दिवशी बसतात असा वार सांगा' हे वाक्य मला हजारदा ऐकावं लागलं असतं तरी आवडलं असतं. फार थोडे विचारायचे.

प्रश्न : माझी टॅक लेव्हल कधी 5, कधी 11 येते. गोळी सकाळी आणि रात्री 8 ला घेतो, लॅब 9 ला उघडते. कधी गोळी घेऊन जातो, कधी न घेता. यामुळे होत असेल का? – नाशिक

हो, बहुधा यामुळेच. टॅक्रोलिमसची ही पातळी सकाळच्या गोळीच्या आधी, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी बघायची असते. गोळी घेऊन रक्त दिलंत तर आकडा फुगलेला येतो, डॉक्टर डोस कमी करतात आणि मूत्रपिंडाचं संरक्षण खरोखरच कमी होतं. गोळी खिशात घेऊन जा, रक्त दिल्यावर तिथेच पाण्याबरोबर घ्या. लॅब 9 शिवाय उघडतच नसेल तर दोन्ही वेळा 9 करता येतील का, ते डॉक्टरांना विचारा. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर हेच अंतर 24 तासांचं. फॉर्मवर आदल्या गोळीची वेळ लिहा. आणि औषधवाल्याने 'तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं' म्हणून दिलेलं विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न : गजकर्णासाठी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या. आठवड्यात वडिलांचे हात थरथरू लागले, क्रिएटिनिन वाढलं. किडनीचे डॉक्टर चिडले, फॅमिली डॉक्टरही दुखावले. आम्ही नेमकं कोणाचं ऐकायचं? – सांगली

या पत्राने मला त्रास झाला, कारण चूक कोणाच्या हेतूची नव्हती. गजकर्णावर बहुतेक वेळा इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल देतात आणि दोन्ही टॅक्रोलिमसचं शरीरातलं विघटन मंदावतात. रोजचाच डोस मग दुपटी-तिपटीसारखा वागतो. हात थरथरणं ही त्याचीच खूण. क्लॅरिथ्रोमायसिन आणि रक्तदाबावरचं डिल्टियाझेमही पातळी वाढवतात. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन उलट ती खाली ओढतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही दुखण्याची औषधं थेट मूत्रपिंडाला बाधतात. गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारं पपनसही टाळा, त्यानेसुद्धा पातळी वाढते. 'प्रतिकारशक्ती वाढावी' म्हणून कोणी गुळवेलीचा काढा दिला तर हात जोडून नको म्हणा. वडिलांची प्रतिकारशक्ती आपण मुद्दाम आवरून धरली आहे.

ऐकायचं दोघांचंही, पण नवं औषध सुरू करताना आणि थांबवताना किडनीच्या डॉक्टरांना कळवूनच. थांबवताना म्हणते ते यासाठी, की कॅप्सूल बंद झाल्या की पातळी पुन्हा घसरते. डोस तेव्हा कमी करून ठेवला असेल तर तो वाढवायला हवा, आणि नेमकी हीच तपासणी राहून जाते. वडिलांची झाली का, आजच विचारा.

फॅमिली डॉक्टरांकडे जाताना केसपेपरच्या अगदी वर लाल शाईने 'प्रत्यारोपित मूत्रपिंड' आणि चालू गोळ्यांची नावं लिहून न्या. त्यांना दुरावू नका. रात्री दोनला ताप चढला तर सांगलीत तेच येणार आहेत.

प्रश्न : मी 26 वर्षांची. प्रत्यारोपणानंतरचं तिसरं वर्ष चालू आहे, क्रिएटिनिन 1.1, तब्येत छान. नोकरी नवीन आहे. मागच्या दोन तारखांना गेले नाही आणि काहीच झालं नाही. खरं सांगायचं तर तिथल्या बाकड्यावर बसले की मी पुन्हा पेशंट होते. – नागपूर

तुझं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुझ्या वयाच्या किती मुलामुलींना मी त्या बाकड्यावर कानात इअरफोन घालून, भिंतीकडे बघत बसलेलं पाहिलं आहे. थकणं अगदी साहजिक आहे.

पण 'काहीच झालं नाही' हे तुला तपासल्याशिवाय कळणार नाही. बसवलेल्या मूत्रपिंडाच्या नसा जोडलेल्या नसतात, त्यामुळे शरीराने त्याला नाकारायला सुरुवात केली तरी बहुतेकदा ते दुखत नाही. आधी क्रिएटिनिन हलतं आणि त्रास कितीतरी नंतर जाणवतो. एक मुलगा सात महिने आला नव्हता. का, तर पहिली तारीख चुकली आणि मग ओरडा बसेल म्हणून दुसरीही चुकवली. आला तेव्हा पाय सुजले होते. त्याला डायलिसिसवर परत जावं लागलं. त्याच्या त्या भीतीचं दुःख मला आजही होतं, कारण ती आमच्या ओपीडीनेच निर्माण केली होती.

म्हणून उद्या सकाळी फोन कर. सफाई देऊ नकोस. 'दोन तारखा चुकल्या, या आठवड्यात रक्त कधी देऊ?' एवढंच म्हण. रिपोर्ट चांगले आले तर समोर बसून स्पष्ट माग : तीन महिन्यांचं अंतर चालेल का, मधलं रक्त घरून घेता येईल का, सकाळचा पहिला नंबर मिळेल का. तिसऱ्या वर्षात यातलं बरंच मिळू शकतं. ऑफिसात सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण रजा मंजूर करणाऱ्या एका माणसाला वर्षाच्या तारखा आधीच देऊन ठेव. आणि सोबत मैत्रीण ने. नंतर दोघी काहीतरी छान, गरम, ताजं खा.

प्रश्न : आईने मला मूत्रपिंड दिलं, त्याला चार वर्षं झाली. माझ्या तारखा तीच लक्षात ठेवते. तिला स्वतःला काही तपासणी लागते का? – कोल्हापूर

लागते, दर वर्षी आणि आयुष्यभर. रक्तदाब, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, शुगर आणि वजन. अर्ध्या दिवसाचं काम आहे. दात्याच्या तपासण्या बहुतेक घरांत पहिल्या वर्षानंतर थांबतात, कारण त्या बाई स्वतःला पेशंट समजत नाहीत आणि दुसरं कोणी विचारत नाही. गुडघेदुखीसाठी तिला दुकानातून परस्पर गोळ्या आणू देऊ नका.

पुढची तुमची तारीख कधी आहे? त्याच दिवशी खिडकीवर दोन केसपेपर काढा, पहिला आईच्या नावाचा.